शुश्रूषेची मजुरी कोणी द्यावी?

लकडगंजच्या आरागिरणीत विमाधारक कामगाराचा हात करवतीत सापडला, तर कामगार राज्य विमा योजना त्याच्या तात्पुरत्या अपंगत्वात मजुरीच्या सुमारे ९० टक्के भरपाई देते. १९४८ च्या कायद्याचे हे ऋण कोणी नाकारू नये. परंतु त्याची कूस बदलण्यासाठी नोकरी सोडणाऱ्या पत्नीच्या बुडालेल्या मजुरीचे काय? कामावरील अपघातात पती दगावला, तर आश्रित म्हणून तिला लाभ मिळतो. तो जगला आणि अंथरुणाला खिळला, तर तिच्या श्रमाला मोल नाही. मरणाचा हिशेब जाणणाऱ्या विम्याला सेवेचा हिशेब का कळू नये?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विनामोबदला झटणाऱ्या कुटुंबीयांनाही काळजीवाहक मानले, काळजीवाहक भत्त्याचीही तरतूद केली. पण ती शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. मालक मोकळाच!

‘हे घरच्यांचे कर्तव्यच’ असे म्हणणाऱ्यांना विचारावेसे वाटते : कर्तव्य उपाशीपोटीच करावे, असे कोणी ठरवले? सामूहिक विमा उतरवणाऱ्या प्रत्येक संस्थेने शुश्रूषेसाठी सवेतन रजा द्यावी आणि नोकरी राखून ठेवावी. आरंभ आपल्याच शाळा-रुग्णालयांनी करावा. आपल्या दारी न्याय नसेल, तर इतरांना न्याय शिकवण्याचा अधिकार आपल्याला कसा उरेल?