काडी खिशातच ठेवा!

पंचगंगा-कृष्णाकाठच्या ऊस उत्पादक बंधू-भगिनींनो,

तोड झाली, ट्रॉली गेली, आणि दिवस मावळायच्या आत रानाला काडी लागली. गळीत हंगामभर गावोगाव हेच चाललंय. ही काडी थांबावी म्हणून हे पत्रक.

कारखान्यातून निघणाऱ्या साखरेच्या पोत्यात तुमच्या मातीतलं काय जातं? काहीही नाही! शुद्ध साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. उसानं ते हवेतून आणि पाण्यातून घेतलं, उन्हाच्या ताकदीवर जोडलं. त्यात ना नत्र, ना स्फुरद, ना पालाश. विकायला जाते ती हवा, पाणी आणि ऊन. मातीनं दिलेलं सगळं मागंच राहतं: पाचटात, वाड्यात, प्रेसमडमध्ये, बॉयलरच्या राखेत, डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमध्ये. ते रानात परत आलं, तर रान थकायचं कारणच काय? पण आपण ते परत येऊ देत नाही.

हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. त्यात साधारण 40 ते 50 किलो नत्र आणि 75 ते 100 किलो पालाश असतो. काडी लावली की बहुतेक नत्र आणि जवळपास सगळा कर्ब धुरातून जातो. पालाश राखेत उरतो, पण राख वाऱ्यावर उडते, पहिल्या पाण्याबरोबर वाहते. 40 किलो नत्र म्हणजे युरियाची दोन पोती. ती आपण स्वतःच्या हातानं पेटवतो आणि दुसऱ्या दिवशी दुकानात रांग लावतो. त्या युरियासाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो. पालाश तर जवळजवळ सगळा परदेशातून, बोटीनं येतो.

त्याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पाचटात वर्षभराचं ऊन साठलेलं असतं. जिवाणू, बुरशी आणि गांडुळं त्यावर महिनोन् महिने जगतात, माती भुसभुशीत ठेवतात, पाणी धरून ठेवतात. आग तेच ऊन तासाभरात संपवते. ते परत मिळत नाही. ऊर्जा एकदाच वापरता येते, फिरतात ती फक्त द्रव्यं. उपाशी माती खताला दाद देत नाही, म्हणून आपण डोस वाढवतो. शिरोळ, मिरज, वाळव्याकडची क्षारपड रानं बघा. अतिपाणी हे तिथलं मुख्य कारण खरं, पण कर्ब संपलेली जमीन लवकर बसते, हेही तितकंच खरं.

पिकाला न लागलेलं नत्र पाण्याबरोबर ओढ्यात आणि पुढं पंचगंगेत उतरतं. शहरांचं सांडपाणी त्यात भर घालतंच. त्यांना जाब विचारायलाच हवा. पण नदीवर जलपर्णीचा गालिचा पसरतो तेव्हा त्यात आपल्या पोत्यांतलंही खत असतं. ती कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. रानात भूक आणि नदीत अजीर्ण, दोन्ही आपलीच करणी.

“पाचट ठेवलं तर खोडवा फुटत नाही,” असं म्हणतात. बुडख्यांवरचं पाचट सरीत लोटा, बुडखे जमिनीलगत छाटा, कोंब उघड्यावर येऊ द्या, खोडवा फुटतो. कुजायला हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका. तो युरिया वाया जात नाही: जिवाणू आधी नत्र खातात, नंतर पिकाला सोडतात. तण कमी, पाण्याच्या पाळ्या कमी. उंदीर-सापाची भीती खोटी नाही, पाचट लोटताना पायात बूट हवेतच. मजूर मिळत नाहीत हेही खरं, म्हणून कुट्टी यंत्र कारखान्यानं गटवार भाड्यानं द्यावं.

आणि कारखान्यांनो, तुम्हीही सुटत नाही. उसाबरोबर आमच्या मातीचं स्फुरद तुमच्या प्रेसमडमध्ये आणि पालाश तुमच्या राखेत, स्पेंटवॉशमध्ये येतो. तो सभासदाचा आहे. ज्यानं जितका ऊस घातला, त्या प्रमाणात प्रेसमडचं कंपोस्ट त्याच्या बांधावर पोहोचलं पाहिजे, आणि किती पोहोचलं ते ऊसबिलावर छापलं पाहिजे. स्पेंटवॉश ओढ्यात नको, खत होऊन रानात हवा.

सभासदांनो, कारखान्याच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ही मागणी ठराव म्हणून लेखी मांडा. अध्यक्षांचं उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. आणि तोवर, या हंगामात, आपल्या रानात काडी लावू नका.