एकदाच हजार नको, भिशी लावा

ऑफिसात कॅन्सर पेशंटसाठी मदतीचं आवाहन आलं, की आपण एकदाच हजार रुपये टाकतो आणि मोकळे होतो. अंडाशयाच्या कॅन्सरला हे पुरत नाही, असं माझं मत.

पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं ही लक्षणं बायका अ‍ॅसिडिटी समजून अंगावर काढतात. पॅप टेस्टमध्येही तो सहसा सापडत नाही. त्यामुळे निदान बहुधा उशिरा होतं. मग ऑपरेशन, आणि साधारण दर तीन आठवड्यांनी एक अशा सहाएक केमो.

आता भिवंडीची बाई डोळ्यांसमोर आणा. परळच्या टाटा हॉस्पिटलला जायला थेट लोकल नाही. आधी रिक्षा नाहीतर एसटीने कल्याण किंवा ठाणे गाठायचं. सोबत येणाऱ्या नवऱ्याचा यंत्रमागावर खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च निघू शकतो, बुडालेली मजुरी नाही. आणि केमो अर्धवट सुटते ती अशानेच.

भिशी आपल्याला कुणी शिकवायला नको. बारा जणांनी महिन्याला २०० टाकले तर २४०० होतात. भाडं, जेवण, थोडीफार मजुरी निघते. फक्त सहा महिने नेमाने टाकायचे. बघा पटतंय का!