‘ऑनर सोसायटी’चं बोलावणं आलं, फी भरायची का?

सांडोरहून एमएससाठी अमेरिकेत गेलेल्या मुलीचा घरी फोन आला, ‘ऑनर सोसायटीची निवड झालीय, पैसे भरू का?’ तर शैक्षणिक कर्जाचे हप्ते मोजणाऱ्या पालकांनी काय सांगायचं? ‘नको’ म्हणावं तर मान हुकायचा, ‘हो’ म्हणावं तर फसायची भीती.

हा मान नेमका कसला?

ऑनर सोसायटी म्हणजे निवडक विद्यार्थ्यांची मानाची संघटना. अमेरिकेत कला शाखेतल्या हुशारांसाठी १७७६ पासून ‘फाय बीटा कप्पा’ होती. इंजिनीअरिंगवाल्यांना तिथे जागा नव्हती, म्हणून १८८५ मध्ये लीहाय विद्यापीठात प्रा. एडवर्ड विल्यम्स यांनी ‘टाऊ बीटा पाय’ सुरू केली. तिथे तिसऱ्या वर्षाचे वरचे एक अष्टमांश आणि शेवटच्या वर्षाचे वरचे एक पंचमांश विद्यार्थी पात्र ठरतात. पण गुणांनी फक्त दार उघडतं, पुढे वर्तनही पाहिलं जातं. (मुलींना मात्र गुण असूनही १९६९ पर्यंत पूर्ण सदस्यत्व नव्हतं. वेगळा बिल्ला देऊन त्यांची बोळवण व्हायची.)

इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरसाठी १९०४ ची ‘इटा कप्पा नू’ आहे. २०१० मध्ये ती ‘आयईईई’त विलीन झाली आणि तिच्या शाखा अमेरिकेबाहेरही आहेत. इथे एक गल्लत होते. आयईईईचं साधं विद्यार्थी सदस्यत्व कोणीही इंजिनीअरिंगचा विद्यार्थी फी भरून घेऊ शकतो. ‘इटा कप्पा नू’साठी निवड व्हावी लागते. बायोडेटात दोन्ही एकच समजून लिहू नये.

खरं-खोटं कसं ओळखायचं?

ग्रीक अक्षरं कोणीही वापरू शकतं, त्यामुळे नावावर जाऊ नका. खऱ्या सोसायटीची शाखा त्याच विद्यापीठात असते आणि वर्गातला क्रमांक तिला ठाऊक असतो. विभागाच्या ऑफिसात एक प्रश्न विचारला की उलगडा होतो. तिथे कोणाला माहितीच नसेल आणि मेलमध्ये ‘आज शेवटचा दिवस’ अशी घाई असेल, तर पैसे भरू नयेत. शाखा खरी निघाली तर प्रवेश फी भरायला हरकत नाही. नोकरीची हमी मात्र कोणतीच सोसायटी देत नाही.

वसईत काय आणता येईल?

बिल्ला नव्हे, काम. या सोसायट्यांच्या अनेक शाखा ज्युनिअर मुलांना फुकट शिकवतात. आपल्याकडे टॉपरचा फोटो फ्लेक्सवर चढतो आणि मॅथ्समध्ये केटी लागलेला फर्स्ट इयरचा मुलगा क्लासची फी शोधत फिरतो. वसई रोडला विद्यावर्धिनीचं इंजिनीअरिंग कॉलेज १९९४ पासून आहे, आसपास आणखीही आहेत. अशा कॉलेजांनी शेवटच्या वर्षाच्या वरच्या एक पंचमांश मुलांना मानाचं पत्र द्यावं, पण आठवड्यातले दोन तास केटीवाल्यांसोबत बसल्यावरच. येत्या सेमिस्टरला एम-१ आणि मेकॅनिक्सपासून सुरुवात करता येईल.