भूल देण्याआधी एक नळी रक्त

या आठवड्यात पुन्हा तोच फॉर्म हाती आला आणि डोकं तापलं. ऑपरेशनआधी भरून घेतात तो. ओळखीतल्या एका किराणा दुकानदाराच्या पत्नीचं पित्ताशय दुर्बिणीतून काढायचं होतं, म्हणून धारूरहून त्यांच्यासोबत शहरातल्या एका दवाखान्यात गेलो होतो. फॉर्म इंग्रजीत, भरून घेणारा पोरगा घाईत. कुटुंबात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, हा प्रश्न त्यात रीतसर छापलेला होता आणि त्याच्यापुढं त्याने न विचारताच 'नो' लिहिलं होतं. मी म्हटलं, "अरे बाबा, विचार तरी." तो म्हणाला, "काका, समदे नाहीच सांगतेत."

वहिनींना विचारलं, तर त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या थोरल्या भावाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. "ऑपरेशन घटकाभरात उरकलं, पण दादा रात्रीपर्यंत उठलाच नाही. मशीनवर ठेवलं होतं. डॉक्टर म्हणले, भूल जरा जड गेली." फोन करून भावाचं डिस्चार्ज कार्ड मोबाइलवर मागवलं. अपेंडिक्स काढले, पूर्ण भूल, प्रकृती समाधानकारक. औषधाचं नाव नाही, मशीनचा उल्लेख नाही, पुढच्या वेळी काय टाळायचं त्याचा एक शब्द नाही. डिस्चार्ज कार्डावर मी इतक्यांदा लिहिलंय की वाचक कंटाळले असतील. तरी लिहीतच राहणार, कारण त्या कार्डावर औषधाचं नाव असतं तर बहिणीच्या वेळी कुणाला काही विचारावंच लागलं नसतं.

हे घर आर्य वैश्य. नांदेड, परभणी, लातूर, अंबाजोगाई, परळी या भागातल्या पेठांमध्ये हा समाज पिढ्यानपिढ्या आहे. भूलतज्ज्ञांच्या वर्तुळात या समाजाबद्दलची एक गोष्ट देशभर ठाऊक आहे, तेवढी ती आपल्याकडच्या घराघरांत पोचलेली नाही. गोष्ट श्वास थांबण्याची आहे.

पूर्ण भूल देताना घशात नळी घालायची असते. त्यासाठी स्नायू सैल करणारं एक इंजेक्शन देतात, सक्सिनिलकोलिन. थेटरात त्याला सगळे स्कोलिनच म्हणतात. मिनिटभरात सगळे स्नायू ढिले पडतात, श्वासाचेसुद्धा. नळी जाते, आणि पाच-दहा मिनिटांत औषधाचा असर संपतो, कारण आपल्या रक्तातलं एक एन्झाइम, स्यूडोकोलिनेस्टेरेज, ते औषध फोडून टाकतं. हे एन्झाइम यकृतात तयार होतं. काही माणसांत ते जन्मापासून नसल्यातच जमा असतं. त्यांच्यात स्कोलिन फुटतच नाही. दहा मिनिटांचं काम तासन् तास चालतं. तेवढा वेळ व्हेंटिलेटर मिळाला आणि गुंगी टिकवून ठेवली, तर माणूस सुखरूप उठतो. व्हेंटिलेटर नसेल तर कुणीतरी अँब्यू बॅग दाबत बसायचं, रात्र होईपर्यंत. आणि गुंगीचं औषध आधी उतरलं, तर माणूस आतून जागा असतो, सगळं ऐकू येतं आणि पापणीही हलवता येत नाही.

औषधं आणि आनुवंशिकता यांचं आजचं शास्त्र उभं राहिलं त्यात या इंजेक्शनचा मोठा वाटा आहे. टोरांटोच्या वर्नर कालो यांनी 1957 च्या सुमारास दाखवून दिलं की अशा माणसांतलं एन्झाइम मुळातच वेगळं असतं आणि तो वेगळेपणा घराण्यातून येतो. युरोपात लाखात एखाद्यातच ते एन्झाइम पूर्ण गैरहजर सापडतं. कोइमतूरच्या संशोधकांनी वैश्य समाजात तपासलं तेव्हा प्रमाण साधारण 24 जणांत एक निघालं. त्यामागचा जनुकातला बदल त्यांनी 2006 साली शोधून काढला. पुढं 2017 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीने परदेशी सहकाऱ्यांसोबत दक्षिण आशियातल्या 260 हून अधिक समाजगटांचा अभ्यास छापला. त्यातही वैश्यांचा हा दाखला ठळकपणे दिला होता. कारण साधं आहे. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेला समाज शतकानुशतकं आपसातच सोयरीक करत आला, की एखादा बदल आई आणि बाप दोघांकडूनही येण्याची शक्यता वाढते. आपल्याकडचे कितीतरी समाज असेच वाढलेत. फरक एवढाच की या एका समाजाबाबत कोणतं औषध टाळायचं हेसुद्धा नेमकं माहीत आहे.

आता जे सांगण्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. भूलतज्ज्ञ बाई भल्या होत्या. भावाची हकीकत ऐकताच त्यांनी ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर टाकलं आणि सीरम कोलिनेस्टेरेज, म्हणजे हेच एन्झाइम, तपासायला सांगितलं. चिठ्ठी घेऊन मी लॅबच्या खिडकीशी गेलो. आतल्या मुलाने चिठ्ठी वाचली आणि लगबगीने उठून विचारलं, "पेशंट कुठंय? कोणतं औषध पेलं?"

त्याची काही चूक नव्हती. त्याच्याकडं ही तपासणी येते ती फवारणीचं औषध पोटात गेलेल्यांचीच. बीड जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस या जातीची विषं शरीरातलं कोलिनेस्टेरेज बंद पाडतात. तोंडाला फेस, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. ॲट्रोपिन सुरू होतं आणि एक नळी रक्त लॅबला जातं. एन्झाइम किती खाली गेलंय त्यावरून विषबाधेचा अंदाज घेतात. आणि अशा रुग्णाला व्हेंटिलेटरवर घ्यायची वेळ आली, तर जाणता डॉक्टर नळी घालताना स्कोलिन टाळतो. का? तर ते फोडणारं एन्झाइम रक्तात उरलेलंच नाही.

म्हणजे बघा. एकाच जिल्ह्यात, बऱ्याचदा एकाच इमारतीत, दोन माणसं येतात. दोघांच्या रक्तात एकच एन्झाइम कमी. एकाचं विषाने मारलेलं, दुसऱ्याला आईवडिलांकडून मिळालेलंच नाही. पहिल्याच्या अंगाला विषाचा वास येतो, म्हणून त्याच्यासाठी सगळी यंत्रणा जागी होते: मध्यरात्री रक्त जातं, रिपोर्ट येतो, कोणतं इंजेक्शन द्यायचं नाही हेही ठरतं. तो वाचला तर यकृत काही आठवड्यांत नवं एन्झाइम तयार करतं आणि त्याचा धोका टळतो. दुसऱ्याचा धोका जन्मभराचा. पण तो स्वतःच्या पायांनी चालत येतो, बीपी चांगलं, साखर चांगली, छातीची पट्टी चांगली, आणि त्याच लॅबमध्ये तीच तपासणी त्याच्यासाठी कुणी सांगत नाही. माहिती तीच, डॉक्टर तेच, यंत्रही तेच. मला याचा राग येतो. आपल्याकडं काही नाही, मोठ्या शहरातच सगळं, हे रडगाणं या बाबतीत लागूच पडत नाही. जिथं विषबाधेचे रुग्ण सांभाळले जातात तिथं ही तपासणी होऊ शकते.

वहिनींचा रिपोर्ट आला. एन्झाइम जवळजवळ नव्हतंच. बाईंनी स्कोलिन बाजूला ठेवलं आणि ॲट्राक्युरियम वापरलं. ते शरीरात बहुतांशी आपोआप विरतं, त्याला या एन्झाइमची वाट पाहावी लागत नाही. संध्याकाळी वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या आणि घरी दुकान कोण बघतंय याची चौकशी करत होत्या.

काही डॉक्टर म्हणतील, आता स्कोलिन वापरतं कोण? वापरतात. तातडीचं सिझेरियन, भरल्या पोटाचा अपघाती रुग्ण, पटकन नळी घालायची असेल तर आजही ते हाताशी ठेवलेलं असतं. स्वस्त आहे आणि झटकन काम करतं. मानसिक आजारात विजेचे उपचार देतानाही ते वापरतात. आणि नेमकी तातडीच्या वेळीच घराण्याची चौकशी करायला कुणाला सवड नसते. म्हणूनच हे निवांत असताना तपासून, लिहून ठेवायला हवं.

लिहून ठेवण्यावरून आठवलं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आपल्या बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्या प्रश्नाची व्यथा वेगळी आणि कितीतरी मोठी आहे, पण मला तेव्हापासून एक गोष्ट छळते: यातल्या किती जणींच्या कागदावर भुलीच्या औषधाचं नाव असेल? बहुतेकींना कमरेतून इंजेक्शन दिलं असेल हे मान्य. तरीही कारखान्याच्या फडावर पुन्हा कधी पोट उघडायची वेळ आली, तर तिकडच्या डॉक्टरला सांगण्याजोगं तिच्या पत्र्याच्या पेटीत काहीही नसतं. नोंदीची किंमत काय असते ते मूळ जालना जिल्ह्यातल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलंय. कोकणात विंचू चावलेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी नेटाने ठेवल्या आणि 1982 साली लॅन्सेटने त्या छापल्या.

मग मागणी काय? पूर्ण भूल दिलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावं मराठीत असावीत. कुटुंबातल्या भुलीच्या त्रासाचा प्रश्न रुग्णाला मराठीतून, समोर बसून विचारावा, आणि तो सर्वांनाच विचारावा, कारण आडनाव बघून कुणाच्या रक्तातलं काही कळत नाही आणि हा दोष कुठल्याही घरात निघू शकतो. ज्या घरात असा त्रास झालाय तिथं, आणि आर्य वैश्य कुटुंबांत, ठरलेल्या ऑपरेशनआधी ही तपासणी नेहमीची व्हावी. यकृताच्या दुखण्यात, गरोदरपणात, कुपोषणातही एन्झाइम खाली येतं, म्हणून रिपोर्टचा अर्थ डॉक्टरनेच लावायचा.

समाजाच्या ज्येष्ठांनाही हात जोडून सांगणं आहे. वासवी जयंतीला साखर-बीपीची शिबिरं होतात, त्यात ही एक तपासणी घाला. मुलीच्या सोयरिकीत आडवं येईल म्हणून लपवू नका. हा आजार नव्हे. ते एन्झाइम नसलेली माणसं एरवी ठणठणीत असतात, संसार करतात, म्हातारी होतात. त्यांना मुख्यतः स्कोलिनपासून, आणि त्याच एन्झाइमवर अवलंबून असणाऱ्या मिव्हाक्युरियमपासून लांब ठेवायचं असतं. तेवढी दोन नावं चिठ्ठीवर लिहून पाकिटात, पर्समध्ये, मोबाइलच्या मागच्या कव्हरमध्ये ठेवली की झालं. एकाला निघालं तर सख्ख्या भावंडांची तपासणीही त्याच आठवड्यात करून घ्या, कारण प्रत्येक भावंडाला निदान चारात एक एवढी शक्यता असते. वहिनींना आणखी दोन बहिणी आहेत, एक परळीला आणि एक नांदेडला. त्यांना फोन झालेत.