कोनाचा पाना: सेट नको, सुटे घ्या

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर पाने घ्यायला गेलात की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, ‘सेट देऊ की सुटे?’ बहुतेक जण सेट मागतात. सुट्या पान्यांच्या बेरजेपेक्षा तो स्वस्त पडतो, पाउचमध्ये मापाप्रमाणे ओळीने लागलेला असतो आणि एकदाचं काम झालं असं वाटतं. साध्या फिक्स पान्यांच्या बाबतीत माझी काही तक्रार नाही. तो सेट गॅरेजमध्ये आणि कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये हवाच. आजचा विषय त्याच्या शेजारी मिळणारा दुसरा सेट आहे. त्यातल्या प्रत्येक पान्याच्या दोन्ही टोकांना एकाच मापाचं तोंड असतं, एक ३० अंशांत वळवलेलं आणि दुसरं ६० अंशांत. अडचणीच्या जागेतल्या नटासाठी म्हणून तो विकला जातो आणि त्याची किंमत साध्या सेटपेक्षा चांगलीच चढी असते. माझं मत आधीच सांगून टाकतो: हत्यार उत्तम आहे, पण सेट घेऊ नका.

का, ते समजायला थोडं कोनांचं गणित लागेल. षट्कोनी नटाला समोरासमोरच्या बाजूंच्या तीन जोड्या असतात, म्हणून फिक्स पान्याचं तोंड दर ६० अंशांनी पुन्हा बसतं. तोंड दांड्याच्या सरळ रेषेत असतं, तर प्रत्येक पकडीला दांडा ६० अंश फिरवायला जागा लागली असती, म्हणजे घड्याळात बारापासून दोनपर्यंत. म्हणून साध्या फिक्स पान्याचं तोंड १५ अंशांनी तिरपं ठेवलेलं असतं. पाना उलटा करून लावला की दांड्याची जागा ३० अंशांनी सरकते आणि बारापासून एकपर्यंत एवढ्याच जागेत नट निघत राहतो. एकदा सुलटा, एकदा उलटा. कागदावर कोन कधीच न मांडलेला फिटरसुद्धा हे दिवसभर करत असतो.

आता कोनाच्या पान्याचं ३० अंशांचं तोंड असंच उलटं करून बघा. काहीही फरक पडत नाही. ३० इकडे आणि ३० तिकडे मिळून ६० होतात, आणि ६० अंशांवर नट पुन्हा तसाच उभा असतो. ६० अंशांच्या तोंडाचंही तेच. नवा पाना घेऊन तो जुन्या सवयीने उलटसुलट करणारे लोक इथेच वैतागतात. या पान्यात टोक बदलायचं असतं. ३० चं टोक काढून ६० चं लावलं की दांडा ३० अंश सरकतो. म्हणजे नुसत्या दांड्याच्या फेऱ्याचा हिशेब केला, तर हा महाग पाना देतो तेवढंच तुमचा साधा पानाही देतो.

मग पैसे कशाचे? दोन गोष्टींचे. पहिली, तोंड नटावर कोणत्या बाजूने शिरतं ती. साध्या पान्याचं तोंड जवळजवळ दांड्याच्याच दिशेने पुढे सरकतं. नटाच्या पुढे भिंत, पाइप किंवा ब्रॅकेट असेल तर ते अडतं. ६० अंशांचं तोंड आडवं, बाजूने आत शिरतं आणि दांडा अडथळ्याच्या कडेने बाहेर राहतो. दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. एकाच मापाचा साधा पाना आणि कोनाचा पाना जोडीने वापरले, तर दांड्याच्या जागा ०, १५, ३० आणि ४५ अंशांवर मिळतात. बारा ते एकच्या निम्म्या जागेतही नट हलतो. प्रत्यक्षात तोंड आणि नट यांच्यातल्या ढिलाईत दोन-चार अंश जातात, म्हणून १५ पेक्षा थोडी जास्त जागा धरावी. तरी जिथे नुसता साधा पाना हात टेकतो, तिथे ही जोडी काम करते. कोनाचा पाना साध्याच्या जागी घ्यायचा नसतो, त्याच्या सोबत घ्यायचा असतो.

याच हिशेबाने आणखी एक सावधगिरी. इलेक्ट्रिकल कामाच्या छोट्या पान्यांत एक टोक १५ आणि दुसरं ७५ अंशांचं असतं. ७५ मधून ६० वजा केले की उरतात १५, म्हणजे दांड्याच्या जागा त्याच, फक्त तोंड शिरण्याची बाजू बदलते. पॅनेलमधल्या टर्मिनलला ते पुरतं. पण दांडा फिरवायलाच जागा नसेल, तर ७५ अंशांचा आकडा बघून भुलू नका.

मुळात फिक्स पानाच कशाला, रिंग किंवा गोटी का नको, असा प्रश्न येईल. जिथे रिंग किंवा गोटी बसते तिथे तीच वापरावी. रिंग नटाला सगळ्या कोपऱ्यांवर धरते, फिक्स पाना मुख्यतः दोन कोपऱ्यांवर जोर टाकतो. पण नटातून पाइप किंवा होज गेला असेल तर रिंग वरून घालताच येत नाही. ब्रेकच्या नळीसाठी तोंडाला खाच असलेला फ्लेअर नट पाना मिळतो, तिथे तोच हवा. हायड्रॉलिकमध्ये मात्र व्हॉल्व्हच्या ब्लॉकवर होज शेजारीशेजारी दाटीने लागलेले असतात, आणि प्रत्येक जॉइंटला दोन पाने लागतात: एकाने अॅडॉप्टर धरायचा, दुसऱ्याने होजचा नट फिरवायचा. बॅकहो, ट्रॅक्टरचा लोडर, इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन, प्रेस ही कोनाच्या पान्याची खरी घरं आहेत. चाकांचं अलाइनमेंट करणाऱ्याला टाय रॉडच्या लॉकनटासाठी तो उपयोगी पडतो. घरच्या बेसिनखालचा नट एकदा बदलायचा म्हणून त्यावर पैसे घालू नयेत.

सेट का नको, याचं उत्तर मापांत आहे. साध्या डबल पान्यात दोन टोकांना दोन मापं मिळतात. कोनाच्या पान्यात एका पान्यामागे एकच माप. त्यामुळे तेवढ्याच मापांसाठी पाने दुप्पट घ्यावे लागतात, आणि त्यातले निम्मे पाउचमधून कधी बाहेर येत नाहीत. तुम्हाला कोणती मापं लागतात हे यंत्र ठरवतं. जपानी पद्धतीच्या गाड्यांवर ८ मिमीच्या बोल्टचं डोकं सहसा १२ चं, १० मिमीच्या बोल्टचं १४ चं आणि १२ मिमीच्या बोल्टचं १७ चं असतं. युरोपीय गाड्यांवर त्याच बोल्टांना १३, १६ आणि १८ लागतात, तर जुन्या जर्मन मानकाच्या यंत्रांवर १३, १७ आणि १९. मारुतीची कामं करणाऱ्याने १३ आणि १६ चे कोनाचे पाने कशाला सांभाळायचे?

हायड्रॉलिकमध्ये हा घोळ आणखी वाढतो. जर्मन पद्धतीच्या हलक्या मालिकेतल्या फिटिंगमध्ये ८ मिमीच्या नळीला १७ चा नट, १० च्या नळीला १९ चा, १२ ला २२ चा आणि १५ ला २७ चा. अमेरिकी जेआयसी फिटिंग आलं की नट इंचात येतात: ९/१६, ११/१६, ७/८. यातला ११/१६ चा नट १७.४६ मिमी भरतो. त्याच्यावर १७ चा पाना चढत नाही आणि १८ चा ढिला बसतो. त्या ढिल्या पान्याने जोर लावला की नट गोल होतो आणि दहा मिनिटांचं काम होज कापण्यावर जातं. अशा ठिकाणी इंचाचाच पाना हवा. मेट्रिकच्या मोठ्या सेटमध्ये तो नसतोच.

म्हणून आधी आपल्या यंत्राखाली शिरा आणि जे नट दर वेळी रडवतात त्यांची मापं व्हर्नियरने घ्या. मग साधा पाना नटावर लावून दांडा किती फिरतो ते बघा. बारा ते एक एवढा फिरत असेल आणि तोंडही नीट शिरत असेल, तर तुम्हाला नव्या हत्याराची गरज नाही. त्याहून कमी फिरत असेल किंवा तोंडच अडत असेल, तेवढीच मापं यादीत लिहा. बहुतेकांची यादी तीन-चार पान्यांवर संपेल.

घेताना क्रोम-व्हेनेडियम पोलादाचा, फोर्ज केलेला पाना घ्या. चकचकीत क्रोम बघून ठरवू नका. आपलं माप माहीत असलेला एक चांगला नट खिशात घेऊन जा आणि दुकानातच तोंडात घालून बघा. डगमगला तर पाना परत ठेवा. जबड्याची बाहेरची रुंदी आणि डोक्याची जाडीही बघा, कारण दाटीच्या जागेत कोन बरोबर असूनही जाड डोकं शेजारच्या नटाला अडतं.

साधा पाना गॅसवर तापवून हवा तसा वाकवायचा, ही आपल्याकडची जुनी युक्ती. अडल्यावेळी ती कामी येते हे खरं. पण तापवल्यावर पोलादाचं पाणी उतरतं, तोंड मऊ पडतं आणि जोर लागला की फाकतं. असा पाना पेटीत कायमचा ठेवू नये, कारण पुढच्या वेळी तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जातो.

वापरताना दोन नियम पाळा. घट्ट बसलेला नट जमेल तिथे रिंगने किंवा जाड तोंडाच्या साध्या पान्याने पहिल्यांदा सैल करा, मग कोनाचा पाना लावा. त्याच्या दांड्यावर पाइप घालून जोर वाढवू नका. आणि हायड्रॉलिकचा जॉइंट असेल तर इंजिन बंद करून, बूम जमिनीवर टेकवून, लाइनमधलं प्रेशर काढल्याशिवाय नटाला हात लावू नका.

काउंटरवरून प्रश्न आला, की यादी पुढे करा आणि सुटे मागा. सुटे द्यायला नकार मिळाला तर शेजारचं दुकान बघा. सेटच्या किमतीत चार चांगले पाने येतात, आणि ते चारही वापरले जातात.