मत कोणाचे, हेही कळावे

वसई ते डहाणू पसरलेल्या पालघर मतदारसंघाच्या खासदाराने अमुक विधेयकावर कोणते मत दिले, हे येथील मतदारास सहसा कळत नाही. कारण बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. त्यातच १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने सदस्यास पक्षादेशाशी जखडले आहे. पक्षांना गुप्त देणग्या देणारी निवडणूक रोखे योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली आणि देणगीदारांची नावे प्रकट झाली, हे उचितच झाले. तथापि पडदा अर्धाच सरला आहे. मतविभागणी मागण्याचा अधिकार सदस्यास आहे. महत्त्वाच्या प्रत्येक प्रश्नी त्याने तो बजावावा, असा आग्रह वसई-विरारकरांनी धरला पाहिजे. गुप्तता मतदाराच्या मतास शोभते, प्रतिनिधीच्या नव्हे!