उसने साक्षीदार नकोत

गोंदियासारख्या धानाच्या मुलुखात राहणाऱ्या आम्हा मूठभर कॅथलिक कुटुंबांच्या कानी एक प्रश्न वारंवार पडतो : ‘तुमच्या बायबलाबाहेर येशूचा पुरावा काय?’ कॉलेजात जाणाऱ्या मुलांना तो विशेष बोचतो. प्रश्नात गैर काही नाही. गैर आहे ते आमच्याच काही बंधूंनी शोधलेले उत्तर.

हे बंधू मोठ्या अभिमानाने भविष्यपुराण पुढे करतात. राजा शालिवाहनाला हिमालयात शुभ्रवस्त्रधारी ईशपुत्र भेटला, अशी कथा त्याच्या प्रतिसर्गपर्वात आहे खरी. शालिवाहन म्हटला की मराठी मनाला पैठण आठवते आणि कथा अधिकच गोड वाटते. परंतु त्याच पर्वात अकबर बादशहा आहे, इंग्रजांचे राज्यही आहे! इंग्रजांचा अंमल ठाऊक असलेल्या लेखकाला पहिल्या शतकाचा साक्षीदार कसे म्हणावे? शेजाऱ्याच्या धर्मग्रंथातून सोयीचे तेवढे उचलावे, हेही आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आणि गरज तरी काय? रोमन इतिहासकार टॅसिटस आमचा मित्र नव्हता. ख्रिस्ती धर्माला त्याने घातक अंधश्रद्धा म्हटले. तोच इ. स. 116 च्या सुमारास लिहितो की, ज्याच्यावरून या लोकांना नाव पडले त्या ख्रिस्ताला तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने देहदंड दिला. हे नाव आपण दर रविवारी मिस्सामध्ये उच्चारतो. त्याच सुमारास बिथिनियाचा राज्यपाल प्लिनी सम्राट ट्राजानला कळवतो की, हे लोक ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तवन गातात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात. यात खरे काय हे शोधण्यासाठी त्याने दोन ख्रिस्ती दासींचा छळ केला. त्यांची नावे मात्र त्याने लिहिली नाहीत.

यहुदी इतिहासकार योसेफसच्या बाबतीत तर आमचे वक्ते फारच वाहवत जातात. ‘हा ख्रिस्त होता’ हे त्याचे म्हणून दिले जाणारे वाक्य बहुतेक अभ्यासक, कॅथलिकही, मागाहून कुणा ख्रिस्ती हाताने घातलेले मानतात. तिसऱ्या शतकातील ओरिजेन स्पष्ट सांगतो की योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. पण त्याच ग्रंथात दुसरीकडे ‘ख्रिस्त म्हटल्या गेलेल्या येशूचा भाऊ याकोब’ याच्या वधाचा कोरडा उल्लेख आहे. तो बहुतेकांना मान्य आहे. आम्हांला तेवढा पुरे.

या लेखकांनी पुनरुत्थान सिद्ध केलेले नाही. टॅसिटसने ऐकीव माहितीही घेतली असेल. पण येशू नावाचा कोणी झालाच नाही, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यास ते समर्थ आहेत.

धान पाखडल्याशिवाय आमच्याकडे कोणी कोठीत भरत नाही. पुढच्या सणाला धर्मग्रामात भविष्यपुराणाचे पत्रक कोणी वाटू लागल्यास आम्ही ते घेणार नाही, आणि का घेत नाही हे तिथेच, सर्वांसमक्ष सांगू.